वाचक विचारतात : रेघेखालचा मजकूर

मागच्या अंकात सरकारी पत्रांच्या मराठीवर लिहिताना मी ओघात एवढंच म्हटलं होतं की, महसूल खात्यात लिपिक म्हणून लागल्यावर माझी पहिली काही वर्षं तारांचे मसुदे करण्यात गेली आणि नेमकं लिहायला मी तिथे शिकले. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर सगळं तारेलाच देते.

माझे आजोबा 1972 च्या दुष्काळात नायब तहसीलदार होते. त्यांच्या ट्रंकेत पातळ, पिवळट कागदावर इंग्रजीत टाइप केलेली एका तारेची कार्बन प्रत सापडली. मजकूर संपल्यावर आडवी रेघ आहे, रेघेखाली ‘नॉट टू बी टेलिग्राफ्ड’ असं लिहिलंय आणि त्याच्याखाली आजोबांचं नाव, हुद्दा. जे तारेने पाठवायचंच नव्हतं ते टाइप कशाला केलं? — एक वाचक, बीड जिल्हा

तुमचं पत्र वाचताना तो कागद हातात धरल्यासारखं वाटलं. तुमच्याकडे आहे ती शासकीय तारेच्या मसुद्याची अगदी नमुनेदार प्रत आहे.

वरून खाली पाहत या. सगळ्यात वर तारेचा दर्जा असेल, ‘स्टेट’ किंवा ‘स्टेट एक्स्प्रेस’. ‘स्टेट’ म्हणजे सरकारी कामाची तार, एक्स्प्रेस म्हणजे साध्या तारांच्या आधी जाणारी. त्याखाली पत्ता, आणि तोही जेमतेम दोन शब्दांचा : ‘कलेक्टर’ आणि गावाचं नाव. पत्त्यातले शब्दही मोजले जात, त्यांचेही पैसे पडत, म्हणून पत्त्यावर एक शब्द जास्त खर्च करायचा नाही. मंत्रालयं आणि मोठी कार्यालयं तारेपुरता छोटा पत्ता तारघरात नोंदवूनच ठेवत. पत्त्यानंतर ‘रिपीटेड’ असा शब्द आणि पुढे आणखी एखादा हुद्दा दिसला, तर त्याचा अर्थ हीच तार त्यांनाही गेली. पत्रात आपण ‘प्रत माहितीसाठी’ लिहितो, तेच हे.

मग मजकूर, सगळा मोठ्या अक्षरांत, दोन ओळींत भरपूर जागा सोडून. तो मोठ्या अक्षरांत का, तर मोर्समध्ये, म्हणजे तारेच्या आखूड-लांब ठोक्यांच्या लिपीत, लहान लिपी, मोठी लिपी असा भेदच नाही. आणि मधली जागा तारमास्तरासाठी. त्याची नजर कागदावर आणि हात यंत्राच्या दांडीवर, ओळ चुकता कामा नये.

आता ती रेघ. तारघराने रेघेच्या वरचं पाठवायचं आणि रेघेपाशी थांबायचं. खालचा भाग कार्यालयासाठी आणि तारघराच्या खातरजमेसाठी असे : तार सोडणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, सही, जावक क्रमांक, तारीख. हे नसेल तर तारघर ती सरकारी तार म्हणून घेणार नाही, कारण कोणीही उठून सरकारी खात्यावर तार ठोकू नये यासाठीच ती सही होती. पैसे रोख द्यायचे नसत, सर्व्हिस तिकिटं, म्हणजे सरकारी कामाची वेगळी तिकिटं, लावायची. त्या तिकिटांचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवावा लागे आणि महिनाअखेरीस तो जुळला नाही की रात्रीचे आठ वाजत.

रेघेखाली अगदी शेवटी बहुतेक अजून एक ओळ असेल, ‘पोस्ट कॉपी इन कन्फर्मेशन’. मराठीत आम्ही ‘पुष्टीसाठी टपाल प्रत’ लिहायचो. तार गेली की त्याच दिवशी तिची सहीची प्रत टपालात टाकायची, असा दंडक. तुमच्या आजोबांचं नाव तारेने गेलं नाही, पण त्यांची सही टपालाने गेली. आता एका वाचकाने अगदी हाच मुद्दा धरून विचारलंय, म्हणून त्याचं उत्तर लगेच देते.

तारेवर सही नसते. मग अधिकारी तारेवर आदेश कसे देत आणि खालचे ते कशाच्या आधारावर पाळत? — निवृत्त मुख्याध्यापक, सांगली

तुमचा प्रश्न कायद्यालाही पडला होता. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याचं कलम 88 तारेबद्दलच होतं. तारघरात दिलेला मजकूर आणि पलीकडे पोहोचलेला मजकूर एकच आहे, असं न्यायालयाला गृहीत धरता येई. पण तो तारघरात नेऊन दिला कोणी, हे मात्र गृहीत धरता येत नसे. ते वेगळं सिद्ध करावं लागे. म्हणजे काय सांगितलं याचा भरवसा तारेवर, आणि कोणी सांगितलं याचा भरवसा सहीवर. टपाल प्रत ही दुसरी बाजू भरून काढायची.

पाळणाऱ्याने मात्र टपालाची वाट पाहत बसायचं नाही. तार हाती पडली की काम सुरू, प्रत आली की ताडून पाहायचं आणि दोन्ही कागद एकाखाली एक फाइलला लावायचे. हे ताडून पाहणं फार महत्त्वाचं. का ते पुढच्या उत्तरात येईल.

सांकेतिक भाषेतली तार याला अपवाद. तिचा उलगडलेला मजकूर साध्या टपालाने मागून पाठवायचा नाही, आणि तिच्यात थोडा मजकूर सांकेतिक, थोडा उघडा अशी सरमिसळही करायची नाही. उघडं आणि झाकलेलं दोन्ही एकाच्या हाती लागलं तर संकेतच फुटतो.

जुन्या सरकारी तारांत ‘नॉट रिपीट नॉट’ असं वाचलं. शब्दाशब्दाला पैसे पडत असताना सरकार एकच शब्द दोनदा का पाठवत होतं? — एक वाचक, पुणे

या प्रश्नाचं उत्तर मी आयुष्यभर विसरणार नाही.

मी नोकरीला लागले 1978 साली. माझ्या टेबलावर रोजगार हमीच्या कामांचा पत्रव्यवहार होता. शेजारी बसणारे अव्वल कारकून, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो, त्यांनी मला मसुदा करायला शिकवलं. त्यांची पद्धत अशी की आधी पूर्ण पत्र लिहायचं. ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, या कार्यालयाने मागविलेली टंचाईग्रस्त गावांची माहिती अद्यापपर्यंत अप्राप्त असून सदरची माहिती विनाविलंब सादर करण्याची तजवीज करावी.’ मग लाल पेन्सिल घ्यायची. उपरोक्त गेलं, आपणांस गेलं, कळविण्यात येते की गेलं, सदरची गेलं, तजवीज गेली. उरायचं ते असं : ‘संदर्भ आमचे पत्र 214 दिनांक तीन मे स्टॉप टंचाईग्रस्त गावांची यादी अप्राप्त स्टॉप बारा मेपर्यंत खास माणसाहाती पाठवा’. पूर्णविरामाची खूण यंत्रावर सहज हरवते, म्हणून ‘स्टॉप’ हा शब्दच लिहायचा. महत्त्वाचे आकडे अक्षरी, कारण आकड्यातला एक ठिपका इकडचा तिकडे झाला तरी पलीकडच्याला संशय येत नाही. ‘तीस’चं ‘तीप’ झालं तर येतो.

मला या कापाकापीची गोडी लागली. एक शब्द वाचवला की मी अण्णांकडे कौतुकाने बघायचे. आणि त्या गोडीत घात झाला.

उन्हाळा होता. एका तालुक्यात पाझर तलावाचं काम चालू होतं आणि ते बंद होणार अशी बोलवा उठली होती. पुढचा आदेश येईपर्यंत काम बंद करू नका, असं तहसीलला तातडीने कळवायचं होतं. त्या तालुक्याला तारा तेव्हा इंग्रजीतच जायच्या. ‘डू नॉट क्लोज वर्क टिल फर्दर ऑर्डर्स’ असं मी लिहिलं आणि मग पेन्सिलीने ‘डू’ काढून टाकलं. ‘नॉट क्लोज वर्क टिल फर्दर ऑर्डर्स’. अर्थ लागत होता, एक शब्द वाचला होता. अण्णा रजेवर होते, साहेबांची सही झाली, तार गेली.

पलीकडे ती पोहोचली ‘नाऊ क्लोज वर्क टिल फर्दर ऑर्डर्स’ अशी.

मोर्समध्ये ‘टी’ म्हणजे एक लांब ठोका. ‘डब्ल्यू’ म्हणजे एक आखूड, दोन लांब. कोणाचा ठोका चुकला, कोणाचा कान चुकला की उतरवून घेताना हात चुकला, ते शेवटपर्यंत ठरलं नाही. माझा ‘डू’ जागेवर असता तर ‘डू नाऊ क्लोज’ वाचून तिथला माणूस थबकला असता, निदान तारघराकडून मजकूर पडताळून तरी मागवला असता. मी ती अडखळण्याची जागाच काढून टाकली होती. दोन्ही वाक्यं सारखीच सरळ दिसत होती आणि दोन्हींचा अर्थ लागत होता.

काम बंद झालं. तीन दिवसांनी टपाल प्रत पोहोचली, तिथल्या आवक कारकुनाने तारेला लावून वाचली आणि धावत जाऊन फोन लावला. तेवढ्या तीन दिवसांत बायाबापड्या सकाळी घमेली घेऊन बांधावर आल्या होत्या आणि मस्टर, म्हणजे हजेरीपत्रक, भरलं जाणार नाही म्हणून परत गेल्या होत्या. हातावर पोट असलेल्यांची तीन दिवसांची मजुरी बुडाली. पुढच्या आठवड्यात मी साहेबांबरोबर त्या कामावर गेले, तेव्हा एक म्हातारी मला म्हणाली, ‘बाई, कागद आला व्हता म्हनं.’ तिचा माझ्यावर राग नव्हता. कागद आला म्हणजे तो खराच असणार, एवढंच तिला ठाऊक होतं.

अण्णा रजेवरून आल्यावर ओरडले नाहीत. त्यांनी मसुदा घेतला, ‘नॉट’च्या पुढे शाईने ‘रिपीट नॉट’ लिहिलं आणि म्हणाले, ‘पोरी, त्या टोकाच्या माणसाला तुझी फाइल दिसत नाही. तुला विचारायला तो येऊ शकत नाही. त्याच्याजवळ एवढाच कागद आहे.’

म्हणून नकार दोनदा लिहायचा. आकडा महत्त्वाचा असेल तर तोही : ‘फिफ्टी रिपीट फिफ्टी’. पैसे वाचवा हा नियम होताच, पण मजकूर संदिग्ध होईल इतका तो तोडू नका, हाही नियमच होता, आणि मी पहिला पाठ करून दुसरा सोडला होता. त्या दिवसानंतर माझ्या हातून ‘रिपीट’शिवाय एकही नकार गेलेला नाही.

मराठीतून तार करता येत होती का? — एक विद्यार्थिनी, नागपूर

येत होती. देवनागरी तारेची सोय होती आणि त्या लिपीत लिहिली जाणारी मराठीही तिच्यातून जायची. मात्र ही सोय प्रत्येक तारघरात नसायची, म्हणून लहान गावांचा व्यवहार बराच काळ इंग्रजीतच राहिला. 1964 चा राजभाषा अधिनियम आल्यावर कचेरीतली टिपणी मराठीत आली, तार मात्र मागे रेंगाळली.

गंमत अशी की तारेला मराठी जात्याच सोयीची होती. देवनागरी तारेत विभक्तीचा प्रत्यय शब्दाला जोडून लिहिला की तो मिळून एकच शब्द धरत. ‘फ्रॉम द कलेक्टर’ हे तीन शब्द, ‘जिल्हाधिकाऱ्यांकडून’ हा एक. ‘टिल ट्वेल्थ मे’ तीन, ‘बारा मेपर्यंत’ दोन. आणि माझ्या त्या प्रसंगानंतर मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे आपला नकार. ‘काम बंद करू नये’ यातलं ‘नये’ वाटेत गळलं तर ‘काम बंद करू’ एवढंच उरतं, आणि सरकारी कागदात असं वाक्य नसतंच, वाचणाऱ्याला लगेच खटकतं. ‘नाऊ’ आणि ‘नॉट’सारखी अदलाबदल तिथे होत नाही. त्या वेळी ती तार मराठीतून गेली असती तर, असा विचार माझ्या मनात अनेकदा आलेला आहे.

आजारपणाची रजा वाढवण्यासाठी वडील तार करायचे. ती सरकारी खर्चाने जायची का? — एक वाचक, रत्नागिरी

नाही. रजा, बदली, पगार ही आपली स्वतःची कामं, त्यांची तार स्वतःच्या खिशातून. तुमचे वडील पैसे भरून जबाबी तारही करत असतील, म्हणजे उत्तराचे पैसे आधीच भरलेले. तिच्यावर ‘आरपी’ अशी अक्षरं असायची.

मी दोन वर्षांपूर्वी तलाठी म्हणून लागलो. आम्हाला सगळे आदेश व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर येतात. तारेचे नियम आता कोणाच्या कामाचे? — एक तलाठी, मराठवाडा

तुमच्याच कामाचे आहेत, भाऊ. तुम्ही पत्रासोबत नमुना म्हणून पाठवलेला संदेश मी नीट वाचला : ‘वरीलप्रमाणे उद्यापर्यंत माहिती द्यावी, अन्यथा कार्यवाही.’

आमच्या काळी या मसुद्यावर लाल पेन्सिल अशी चालली असती. ‘वरीलप्रमाणे’ गेलं. वर काय आहे? ग्रुपवर तोवर चाळीस शुभेच्छा येऊन गेलेल्या असतात. त्याच्या जागी पत्राचा क्रमांक आणि तारीख. ‘उद्या’ गेलं. तारेत आज, उद्या, काल हे शब्द आम्ही कधीच घातले नाहीत, कारण आम्ही सोमवारी लिहिलेला ‘उद्या’ पलीकडच्याने मंगळवारी वाचला तर तो बुधवार होतो. तुमच्याकडे रेंज नसते आणि संदेश दुसऱ्या दिवशी उघडतो, तेव्हा तेच होतं. तारीख लिहायची, शक्यतो वारासकट. ‘माहिती’ गेलं. कोणती, कोणत्या नमुन्यात, कोणाकडे, ते लिहायचं. ‘अन्यथा कार्यवाही’ तर पहिल्या फटक्यात गेलं असतं. त्याने मजकुरात काहीच भर पडत नाही आणि त्या दोन शब्दांचे पैसे सरकारने का भरावेत?

संदेश लिहिणं तुमच्या हाती नाही, हे मला माहीत आहे. पण मिळालेला संदेश ताडून पाहणं तुमच्या हातात आहे. मोठा आदेश ग्रुपवर आला तर काम सुरू करा आणि त्याच दिवशी सहीची प्रत मागा, ई-मेलवर आली तरी चालेल. फोनवर आदेश मिळाला तर तो ऐकून घेतल्याबरोबर तुम्हीच लिहून परत पाठवा : ‘आपण दूरध्वनीवर अमुक वाजता असे सांगितले, त्याप्रमाणे करत आहे.’ पूर्वी तार फोनवरून लिहून द्यायचीही सोय होती. तेव्हा पलीकडचा माणूस उतरवून घेतलेला मजकूर शब्दन् शब्द परत वाचून दाखवायचा. ती सवय कोणी काढून घेतलेली नाही.

आणि पुढे तुम्ही मंडळ अधिकारी व्हाल, मग तहसीलदार. तेव्हा मसुदा तुमचा असेल.

एकट्या सरकारसाठी तार सुरू झाली होती, हे खरं का? आणि आता तार करता येते का? — एक वाचक, कोल्हापूर

पहिल्याचं उत्तर हो. 1850 मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी चाचणीची तार ओढली, ती कंपनी सरकारच्या कामासाठी. सामान्य माणसाला तारघराचं दार काही वर्षांनी उघडलं. दुसऱ्याचं नाही. 14 जुलै 2013 ला शेवटच्या तारा घेतल्या गेल्या. 1885 चा तार कायदा मात्र त्यानंतरही दहा वर्षं टिकला. त्याची जागा 2023 च्या दूरसंचार कायद्याने घेतली.

पुन्हा बीडच्या वाचकांचा दुसरा प्रश्न : ही कार्बन प्रत लॅमिनेट करून ठेवू का?

मुळीच नको. उष्णतेने त्या पातळ कागदाची वाट लागते आणि एकदा चिकटवलं की परत सोडवता येत नाही. तो सपाट ठेवा, घडी घालू नका, साध्या पांढऱ्या कागदात गुंडाळून उन्हापासून दूर ठेवा. कोपऱ्यात टाचणी असेल तर ती हलक्या हाताने काढा, गंजाने कागदाला भोक पडतं. काढताना मागे एक चिटोरं चिकटलेलं आहे का तेही बघा. तारघराची पावती आम्ही तशीच टाचून ठेवायचो, तिच्यावर तार दिल्याची वेळ असते. वेळ वाचता आली तर मला कळवा. दुष्काळातली ती तार आजोबांनी किती वाजता सोडली, ते जाणून घ्यायला मला फार आवडेल.